नौकेला नवे इंजिन

मे महिना संपत आला होता. बंदरातल्या नौका एकेक करून काठावर येत होत्या. पावसाळ्याचे दोन महिने आता मासेमारी बंद. अशा एका संध्याकाळी आमच्या साक्षरता वर्गातले एक तांडेल आमच्या ओटीवर आले. वय पंचेचाळीस. समुद्र तोंडपाठ, पण अक्षरओळख गेल्या दिवाळीपासूनची. त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता.

"गुरुजी, एवढा कागद वाचून दाखवा. उद्या अंगठा करायचा हाय."

कागद कर्जाचा होता. जुने ६० अश्वशक्तीचे इंजिन काढायचे आणि १२० अश्वशक्तीचे बसवायचे, त्यासाठी हे कर्ज. तारण म्हणून राहते घर लिहून द्यायचे होते.

आम्ही विचारले, "तांडेल, एवढे मोठे इंजिन कशाला हो?"

"जुन्यात दम नाय उरला, गुरुजी. आनि दुकानदार म्हनतो, घोडे दुप्पट म्हंजे वेग दुप्पट. शेजारच्यानं तर घातलं पन."

आम्ही म्हणालो, "अंगठा उद्या नको. आधी हिशेब करू, मग कागद पाहू."

आम्ही शाळामास्तर, इंजिनाचे कारागीर नव्हे. पण रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पस्तीस वर्षे शाळा चालवली. पोरांच्या बापांबरोबर नौकांवर चढलो, उतरलो. आम्ही गावातल्या जुन्या मिस्त्रींना बोलावून घेतले. तिघांनी मिळून चार संध्याकाळी जो विचार केला, तोच या पाठात सांगतो.

१. इंजिन कसे चालते

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण पाहिले आहे. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनाचे सारे मर्म एवढ्यातच आहे. सिलिंडरमध्ये दट्ट्या हवा दाबतो. ती हवा ५०० अंशांहून जास्त तापते. मग तीत डिझेलचा बारीक फवारा सुटतो आणि आपोआप पेटतो. या भडक्याने दट्ट्या खाली ढकलला जातो. ठिणगीची गरजच नाही.

ही युक्ती रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रतज्ज्ञाची. त्याचे इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे नीट चालून दाखवले गेले. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असे एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावरही चालवले होते.

आपल्या देशात मासेमारीच्या होड्यांना इंजिने बसवण्याच्या कामाला स्वातंत्र्यानंतर जोर आला. १९५३ साली केरळात नींडकरा येथे नॉर्वे देशाच्या मदतीने असे काम सुरू झाले. आपल्या कोकणातही सहकारी संस्था आणि सरकारी योजना यांच्या मदतीने शिडाच्या होड्यांत इंजिने आली. वाऱ्याची वाट पाहणे संपले. पण एक नवे ओझेही आले. वारा फुकट होता. डिझेल विकत घ्यावे लागते.

२. दुप्पट घोडे म्हणजे दुप्पट वेग का?

नाही. हे नीट समजून घ्यावे, कारण घराचे तारण इथेच अडकलेले आहे.

आपल्या लाकडी नौका पाणी कापत चालतात. पाण्यावर उडत चालणाऱ्या त्या बोटी वेगळ्या. पाणी कापणाऱ्या नौकेला तिच्या लांबीने एक वेस घातलेली असते. ही वेस काढण्याचा हिशेब सोपा आहे. पाण्याच्या रेषेवर नौकेची लांबी फुटांत मोजा. त्या आकड्याचे वर्गमूळ काढा. त्याला १.३४ ने गुणा.

आमच्या तांडेलांची नौका पाण्याच्या रेषेवर ३६ फूट होती. ३६ चे वर्गमूळ ६. सहा गुणिले १.३४ म्हणजे सुमारे ८. तेव्हा ही नौका तासाला ८ सागरी मैलांच्या आसपासच अडणार. त्याच्या पुढे ढकलू गेलो, तर नौका स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते. मागची बाजू बसते, नाळ वर उठते, आणि डिझेल पाण्यासारखे जाते.

त्या वेशीच्या आतसुद्धा वेग स्वस्त नसतो. वेग दहा टक्के वाढवायचा, तर शक्ती सुमारे तेहतीस टक्के जास्त लागते. वेशीजवळ गेल्यावर याहूनही जास्त लागते.

आता डिझेलचा हिशेब. एक अश्वशक्ती तासभर पुरी वापरली, तर साधारण ०.२ लिटर डिझेल जळते. ६० अश्वशक्तीला तासाला १२ लिटर. १२० अश्वशक्तीला २४ लिटर. दहा तास पुरे इंजिन चालवले, तर १२० लिटर एकीकडे आणि २४० लिटर दुसरीकडे. आणि मिळाले काय? नौका पूर्वी नवी असताना ७ मैल चालत होती. आता फार तर ८ चालेल.

हे आकडे आम्ही पाटीवर लिहिले. तांडेल बराच वेळ पाटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे एका मैलासाठी घर?"

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोठे इंजिन नेहमीच चूक असे नाही. ज्या नौका ट्रॉलचे जाळे तळाशी ओढत नेतात, त्यांना ओढीसाठी जास्त शक्ती लागते. पण आमच्या तांडेलांचे जाळे डोलीचे. ते भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधून ठेवायचे असते. त्यांना इंजिन लागते जाण्यायेण्यापुरते. शेजाऱ्याचा धंदा वेगळा, त्याचे इंजिन वेगळे. ज्याने त्याने आपल्या जाळ्याकडे पाहून इंजिन घ्यावे.

३. मग जुन्यात दम का नव्हता?

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आणि आम्ही काठावर ओढलेल्या नौकेखाली वाकून पाहिले. तळाला बोटभर जाड शिंपली आणि शेवाळ चिकटले होते. पंख्याच्या एका पात्याची कड मोडली होती. इंजिनही थकलेले होते. दट्ट्याच्या रिंगा झिजल्या होत्या, तेल जळत होते, सुट्या भागांचा खर्च परवडेनासा झाला होता. म्हणजे इंजिन बदलणे खरेच जरूर होते. पण दम गेला त्यात तळाचा आणि पंख्याचाही वाटा होता. तसाच तळ आणि तसाच पंखा ठेवून नवे इंजिन घातले असते, तर तेही दमले असते.

नौका संथ वाटू लागली, की आधी तळ पाहावा, मग पंखा पाहावा आणि शेवटी इंजिनावर बोट ठेवावे.

४. इंजिन, गिअर, शाफ्ट आणि पंखा

ही चार माणसे एका घरातली आहेत. एकाचे दुसऱ्याशी पटले नाही, तर घर चालत नाही.

इंजिनावर एक पत्रा ठोकलेला असतो. त्यावर अश्वशक्ती आणि मिनिटाला फेरे किती, हे लिहिलेले असते. गिअरच्या पेटीवरही असा पत्रा असतो. समजा, इंजिनाचे फेरे १८००. गिअरचे प्रमाण ३ ला १. मग पंख्याचे फेरे ६००. अवजड नौकेला मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा चांगला. लहान पंखा भरभर फिरवला तर पाणी नुसते घुसळले जाते.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला पंख्याचा व्यास, दुसरा त्याची चाल. चाल म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती पुढे जाईल ते अंतर. स्क्रू लाकडात शिरतो तसे हे समजावे. चाल २० इंच आणि फेरे ६०० असतील, तर मिनिटाला १२,००० इंच, म्हणजे १,००० फूट. तासाला ६०,००० फूट. सागरी मैल सुमारे ६,०८० फुटांचा. म्हणजे जवळजवळ १० मैल. पण पाणी लाकडासारखे घट्ट नाही. पंखा त्यात घसरतो. दहातले सुमारे तीन भाग घसरणीत जातात आणि ७ मैल हाती लागतात.

पंखा उजव्या फिरकीचा की डाव्या, हेही गिअरशी जुळवून घ्यावे. चुकीचा आणला, तर गिअर पुढे टाकल्यावर नौका मागे जाईल.

पंखा बरोबर आहे की नाही, याची परीक्षा समुद्रावर होते. नौका नेहमीच्या ओझ्याने भरावी. इंजिन पूर्ण उघडावे. पत्र्यावर लिहिलेले फेरे गाठले, तर पंखा योग्य. फेरे गाठत नसेल आणि काळा धूर सोडत असेल, तर पंखा इंजिनाला जड आहे. असे इंजिन लवकर मरते. फेरे सहज ओलांडत असेल, तर पंखा हलका आहे. ही परीक्षा झाल्याशिवाय बसवणाऱ्याचे सगळे पैसे चुकते करू नयेत.

५. इंजिन बसवताना

इंजिनाखाली दोन लांब, जाड लाकडे असतात. त्यांना बेड म्हणतात. बेड आखूड ठेवू नये. तो नौकेच्या बऱ्याच वाकांवर टेकलेला असावा, म्हणजे वजन आणि थरथर सगळ्या नौकेवर वाटली जाते. जुना बेड टोचणीने टोचून पाहावा. कुजका निघाला तर बदलावा. नव्या इंजिनाचे वजनही विचारावे. ते फार जड असेल तर नौका मागे बसते.

सर्वांत नाजूक काम म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणे. दोन्ही तबकड्या जवळ आणाव्यात आणि त्यांच्यामधली फट फिलर गेजने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार ठिकाणी मोजावी. तबकडीचा व्यास ६ इंच असेल, तर चार मापांत ६ हजारांश इंचापेक्षा जास्त फरक नसावा. वर्तमानपत्राचे दोन कागद एकावर एक ठेवले, तर साधारण एवढी जाडी होते.

आणि ही मोजणी काठावर करून थांबू नये. लाकडी नौका पाण्यात गेली की तिचा आकार थोडा बदलतो. एकदोन दिवस ती तरंगू द्यावी. मग पुन्हा मोजावे. येथे घाई केली, तर शाफ्ट थरथरतो, बेअरिंग खातो आणि ग्लँडमधून पाणी येते.

शाफ्ट नौकेबाहेर जातो तेथे ग्लँड असते. तिच्या आत दोरीसारखे पॅकिंग भरतात. त्याची प्रत्येक कडी वेगळी कापावी आणि जोड एकाखाली एक येऊ देऊ नयेत. शाफ्ट फिरताना ग्लँडमधून थेंब थेंब पाणी आलेले चांगले. ते पाणी शाफ्टला थंड ठेवते. थेंब बंद होईपर्यंत नट आवळला, तर पॅकिंग जळते आणि शाफ्ट कापला जातो.

इंजिन बदलले की नोंदणीच्या कागदांतही बदल करून घ्यावा. त्यांत इंजिनाचा क्रमांक आणि अश्वशक्ती लिहिलेली असते. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत अर्ज देऊन पोच घ्यावी. क्रमांक जुळला नाही, तर परवाना, विमा, डिझेलची सवलत सगळीकडे अडचण येते.

६. एक वाटी पाणी

आमच्या गावातली दुसरी एक नौका संध्याकाळी परत येत होती. वर चार माणसे. वारा किनाऱ्याकडे वाहत होता. खडक जवळ आले आणि इंजिन दोनदा खोकले. मग बंद पडले. नांगराची दोरी जाळ्याखाली अडकलेली होती. एका खलाशाने कोयत्याने जाळे कापून दोरी सोडवली. नांगर धरला, तेव्हा खडकावर फुटणारे पाणी अंगावर येत होते. तासाभराने दुसऱ्या नौकेने त्यांना ओढून आणले.

मिस्त्रींनी डिझेलच्या फिल्टरखालचा प्याला सोडला. आत वाटीभर पाणी होते. तो प्याला कित्येक दिवसांत कोणी उघडलाच नव्हता. वाटीभर पाण्यापायी चार घरे उघडी पडायची वेळ आली होती.

डिझेलमध्ये पाणी येते कोठून? अर्ध्या भरलेल्या टाकीत रात्री गार हवेचे दव धरते. टोपण सैल असले की लाटेचे पाणी शिरते. कधी कॅनमधूनच येते. पाणी जड, म्हणून ते तळाशी बसते. रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तळाचा नळ सोडून ते काढून टाकावे. एवढेच काम आहे, दोन मिनिटांचे.

७. रोज काय पाहावे

सुरू करण्यापूर्वी : इंजिनाचे तेल पट्टीवर पाहावे. गिअरचे तेल पाहावे. तेल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे; इंजिन सुरू करू नये. डिझेलमधले पाणी काढावे. पट्टा बोटाने दाबून पाहावा. तळाचे पाणी उपसावे.

सुरू झाल्यावर : तेलाचा दाब काट्यावर पाहावा. थंड करणारे पाणी बाहेर पडते आहे ना, ते पाहावे. ते थांबले तर इंजिन लगेच बंद करावे. पुष्कळदा पिशवी किंवा शेवाळ पाण्याच्या तोंडाशी अडकलेले असते, नाही तर पंपाचे रबरी चक्र फाटलेले असते.

तासांवर : तेल आणि फिल्टर इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या तासांनी बदलावेत. २५० तास लिहिले असतील तर २५० लाच बदलावेत. खाऱ्या पाण्याच्या भागात जस्ताचे तुकडे बसवलेले असतात. समुद्र आधी जस्त खातो, म्हणून बाकीचा धातू वाचतो. तुकडा अर्धा झिजला की नवा घालावा.

धूर पाहावा. काळा धूर म्हणजे ओझे जास्त, किंवा हवा कमी. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. पांढरा धूर थांबत नसेल, तर डिझेल नीट जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी येते आहे.

फिरत्या पट्ट्याजवळ लुंगी, गमछा, मोकळी बाही नको. बॅटरीजवळ विडी नको. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. इंजिनाच्या बंद खणात कोणी झोपू नये. धुराच्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही.

नौकेवर एक पेटी ठेवावी. तीत जादा फिल्टर, पट्टा, रबरी चक्र आणि पाने असावेत. आणि नांगराची दोरी नेहमी मोकळी ठेवावी.

८. पावसाळ्यात

नौका शाकारली म्हणजे काम संपले असे नव्हे. जुने तेल आधीच काढून नवे भरावे. जुन्या तेलातले आम्ल दोन महिने आत बसून धातू खाते. खाऱ्या पाण्याचा मार्ग गोड्या पाण्याने धुवावा. डिझेलची टाकी भरून ठेवावी, म्हणजे दव धरत नाही. धूर जाण्याचे तोंड बंद करावे. बॅटरी घरी आणावी. आठवड्यातून एकदा इंजिन हाताने थोडे फिरवावे.

९. वही

आता शेवटची आणि आमच्या मते मुख्य गोष्ट. इंजिनाला तोंड नाही. त्याचे दुखणे वही सांगते. तांडेलांच्या वहीचा एक नमुना पाहा :

३ ऑक्टोबर. मीटर १८० तास. डिझेल ४० लिटर. पाणी काढले.
४ ऑक्टोबर. मीटर १८६ तास. डिझेल ४१ लिटर. पट्टा आवळला.
५ ऑक्टोबर. मीटर १९२ तास. डिझेल ४९ लिटर. धूर काळा.

तीन ओळी वाचल्या की कळते. तेवढ्याच तासांना आठ लिटर जास्त का लागले? त्या दिवशी तांडेलांनी नौका ओहोटीला बसवून पाहिली. पंख्याला तुटक्या जाळ्याचा तुकडा गुंडाळला होता. वही नसती, तर तो आठवडाभर तसाच फिरला असता.

कर्जाचे काय झाले? तांडेल संस्थेच्या कचेरीत गेले. १२० चा कागद परत दिला. ६५ अश्वशक्तीचे इंजिन, त्याला जुळणारा गिअर आणि पंखा असा नवा अर्ज केला. कर्ज इतके कमी झाले, की घराचे तारण लागले नाही. नौका आणि इंजिन यांवर काम भागले. कारकुनाने सवयीने शाईची डबी पुढे सरकवली. तांडेल म्हणाले, "साहेब, पेन द्या." आणि त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडून सही केली.

नारळी पौर्णिमा झाली आणि नौका पाण्यात गेली. संध्याकाळी ते आमच्या ओटीवर आले. म्हणाले, "गुरुजी, सात मैल चालते."

आम्ही म्हणालो, "वहीत लिहिलेत का?"

"आधी लिवलं, मंग तुमच्याकडं आलो."

अभ्यास

१. तुमच्या नौकेची पाण्याच्या रेषेवरची लांबी मोजा. लांबी २५ फूट असेल, तर वेगाची वेस किती?
२. इंजिनाचे फेरे २,००० आणि गिअरचे प्रमाण ४ ला १ असेल, तर पंख्याचे फेरे किती?
३. निळा धूर काय सांगतो?
४. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी का येऊ द्यावे?
५. तुमच्या इंजिनाच्या पत्र्यावरची अक्षरे आणि आकडे वहीत उतरवून आणा. पुढच्या वर्गात आपण ते मिळून वाचू.